काल्बुबूचा कौल

नुरझातने गोळ्यांचं पाकीट मुठीत घट्ट धरलं होतं. ते कुणाच्याही हाती द्यायचं नाही, हे तिने नारीनहून निघतानाच ठरवलं होतं.

सासू बुरमाकान गाडीत पुढच्या सीटवर पूर्वजांच्या नावाने तळलेल्या सात पोळ्यांचं गाठोडं मांडीवर घेऊन बसली होती. बाई दुष्ट नव्हती. सुनेला आवाज ऐकू येतात म्हणजे पूर्वज हाक मारताहेत, तिने आता लोकांना बरं करायचा वसा घ्यावा, असं तिचं साधं म्हणणं. दवाखान्यातल्या गोळ्यांनी पूर्वजांचं तोंड बंद होतं, म्हणून गोळ्याच बंद. आज पवित्र झऱ्यावर लोकांना बरं करणाऱ्या काल्बुबूचा कौल घ्यायचा आणि पाकीट त्याच झऱ्यात सोडून द्यायचं.

पूर्वज काय बोलायचे ते नुरझातलाच ठाऊक. मागच्या हिवाळ्यात त्यांनी तिला तान्ह्या एर्मेकला घेऊन बर्फात चालत जायला सांगितलं आणि ती गेलीही. एक मेंढपाळ भेटला म्हणून मायलेकरं वाचली. गोळ्यांनी अंग जड व्हायचं, कपडे घट्ट झाले होते, पण पोराला ती एकटी सांभाळत होती. हे सुख ती सोडणार नव्हती.

काल्बुबू झऱ्याकाठीच राहायची. थोराड बाई, डोक्याला पांढरा रुमाल. बोलता बोलता थांबून पाणी प्यायची, हात किंचित थरथरायचे. अंगात यायला लागलं असं समजून बुरमाकान आणखी वाकून बसली.

काल्बुबूने नुरझातची नाडी बराच वेळ धरून ठेवली. मग सासूला दाराबाहेर थांबायला सांगितलं.

"पाकीट दे."

"रागावू नका एजे. आपांचा, माझ्या सासूबाईंचा, मान राखला, इथवर आले. पण गोळ्या देणार नाही. लोकांना बरं करणारी दुसरी कुणी मिळेल, माझ्या पोराला आई दुसरी मिळायची नाही."

"जिभेला हाड नाही तुझ्या," असं म्हणत काल्बुबूने तिच्या मुठीतून पाकीट काढूनच घेतलं आणि खिडकीशी नेऊन नाव वाचलं. नुरझातला संतापाने रडू फुटलं. ती हिसकावून घ्यायला उठली, तोवर काल्बुबूने दार उघडलं होतं.

तिने बाहेर मोठ्याने सांगून टाकलं, की पूर्वजांना ही बाई अजून नको आहे, त्यांना झोपू द्यावं. त्यासाठी ही गोळी सासूने रोज स्वतःच्या हाताने द्यायची. जी चुकवेल तिच्यावर त्यांचा कोप होईल. बुरमाकानने दोन्ही तळहात चेहऱ्यावरून फिरवले, "ओमिन" म्हटलं आणि पोळ्या वाटायला झऱ्याकडे निघाली.

काल्बुबूने दार लावलं, पाकीट नुरझातच्या हातात ठेवलं आणि पुन्हा घोटभर पाणी प्यायली.

"रात्री घेत जा, जेवण झाल्यावर," ती हळूच म्हणाली. "मी आधी सकाळी घ्यायचे, तर दिवसभर झोप आवरायची नाही."