वस्तऱ्याची सही

दाढीला बसलेल्या मास्तरांच्या गळ्यावर लाल रेघ उमटली, तेव्हा सलूनमधलं बाकडं भरलेलं होतं. तीन गिऱ्हाइकं आणि कडेला डबा मांडीवर घेऊन बसलेला मालकाचा म्हातारा बाप.

तरुण मालकाने घाईघाईने तुरटी दाबली. तुरटी धरलेला हातही थरथरत होता.

"काय रे," मास्तर आरशातून म्हणाले, "तूही सही करायला लागलास की!"

बाकडं खदखदून हसलं. मालकाचे कान तापले. हा विनोद त्याचाच होता. दोन वर्षांपूर्वी बापाचे हात थरथरायला लागले, तेव्हा याच गिऱ्हाइकांसमोर तो म्हणाला होता, "बाबा हल्ली वस्तऱ्याने सही करतात. पुरे आता, घरी बसा." बापाने वस्तरा धुतला, पुसला आणि निमूटपणे त्याच्या हातात दिला. तेव्हापासून म्हातारा फक्त दुपारचा डबा घेऊन यायचा.

मालक तसा देखणा गडी. जिममध्ये घाम गाळून छाती अशी कमावली होती की दर आठवड्याला शर्टाचं एखादं बटण उडायचं. सकाळी ते जागच्या जागी लावलेलं असायचं. बायकोचं काम, असं तो धरून चालला होता. शरीरसौष्ठवाची स्पर्धा जवळ आली आणि पोटावरची चरबी काही हटेना. ट्रेनरने हळूच एक पाकीट दिलं. थायरॉईडच्या गोळ्या, लोण्यासारखी वितळते म्हणे. वितळली खरी. पण छाती धडधडू लागली, झोप उडाली आणि बोटं ऐकेनाशी झाली.

काल डॉक्टरांनी रिपोर्ट पाहून कपाळाला हात लावला. "चरबीबरोबर स्नायूही खातात या गोळ्या. आणि सगळं आयतं मिळतंय म्हटल्यावर तुझी स्वतःची ग्रंथी झोपून गेलीय. आजपासून बंद. हात थांबायला काही आठवडे जातील. घरात कुणाला थायरॉईड?"

"छे, कुणालाच नाही," त्याने ठोकून दिलं.

तितके आठवडे दुकान बंद ठेवायचं, तर कारण सांगावं लागलं असतं. ज्या सपाट पोटाचं कौतुक ऐकून तो फुगायचा, ते गोळ्यांचं आहे हे कोणत्या तोंडाने सांगणार? म्हणून आज त्याने वस्तरा उचलला होता.

आता मास्तरांचा अर्धा गाल साबणात होता आणि बाकड्यावरचा एक जण चप्पल शोधत होता. मालकाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाप उठला. डबा ठेवला, हात धुतले आणि मुलाच्या मुठीतून वस्तरा काढून घेतला.

"बाबा, नको! तुमचा हात..."

म्हाताऱ्याने मास्तरांची हनुवटी वर केली. पातं कानाखालून निघालं आणि संथपणे, कुठेही न अडखळता गळ्यापर्यंत उतरलं. चप्पल शोधणारा परत बसला.

"हात कधी थांबला?" मुलाने विचारलं.

"झालं दीड वर्ष. थायरॉईड होता. औषधाने गेला."

"मग सांगितलं का नाही?"

बापाने पातं पुसलं. पहिल्यांदाच मान वळवून मुलाच्या छातीकडे पाहिलं.

"दर आठवड्याला तुझं बटण लावत होतो रे. वाटलं, कधीतरी विचारशील, कुणी लावलं."