प्लगमधली फट

कोल्बीने आपल्या स्पोर्ट्स कारला मोठा टर्बो बसवला होता. उभी असताना ती शहाण्यासारखी चालायची, पण दर शुक्रवारी संध्याकाळी, शर्यतीला निघायच्या वेळी अ‍ॅक्सिलरेटर दाबला की आचके द्यायची.

"कॉइल बदलली, वायरी बदलल्या. आता हिच्या पाया पडू का?" तो मित्रांसमोर वैतागायचा. मार्लिस, त्याची आई, सगळ्यांसाठी सँडविच करायची.

स्पार्क प्लगमधली फट जरा वाढवली की टर्बोच्या जोरापुढे ठिणगी टिकत नाही, हे तिला नवऱ्यानेच शिकवलं होतं. पोरं शर्यत लावायची, ओहायोतल्या त्याच रस्त्यावर तशाच शर्यतीत त्याचा जीव गेला होता. म्हणून दर शुक्रवारी, कोल्बी पिकअप घेऊन कामाला गेला की ती गॅरेजमध्ये शिरून एका प्लगची फट वाढवायची आणि शनिवारी पुन्हा नीट करून ठेवायची.

आज तिने प्लग काढला आणि मागे पाऊल वाजलं. कोल्बी दारात उभा होता. तिने हातातला पाना पाठीमागे लपवला.

कोल्बीने आत येऊन दार लावून घेतलं.

"आई, आज दोन प्लग बिघडव. गेल्या वेळी पोरं म्हणाली, एवढ्याशा आचक्यांनी काय होतंय, चल शर्यतीला."