होकाराचा कागद

वाहतूक नियंत्रकाच्या बढतीला होकार कळवायचा आज शेवटचा दिवस होता, आणि सही न केलेला छापील कागद कंडक्टर सुलभा ढोणेच्या पिशवीतच होता. "वीस वर्षं धक्के खाल्लेस," घरचे म्हणत होते, "आता पंख्याखाली खुर्चीत बस."

ड्रायव्हर नबीलालच्या पोटात काही राहत नाही. वडवाडीच्या पारापाशी एसटी थांबली, तर सरपंच शाल-श्रीफळ घेऊन हजर! सुलभाने तोंड उघडायच्या आत शाल खांद्यावर पडली.

"सत्कार झाला, आता कामाचं बोला," म्हातारी तानूबाई पुढे सरसावली. "नव्या कंडक्टरला सांगून ठेव गं, माझी पाटी तिरकी करायची न्हाई. दह्याचं मडकं असतंय."

"आणि मास्तरांना शाळेपाशी उठवायचं," मागून कुणीतरी ओरडलं. मास्तरांनी निमूट मान डोलावली.

मग सगळेच सांगू लागले. सुलभाने पिशवीत हात घातला आणि हाताला लागला त्या कागदावर भराभरा लिहून घेतलं. पिशवीत दुसरा कागद नव्हता का, देव जाणे.

नबीलालने तो उलटून पाहिला आणि कपाळाला हात लावला. "मॅडम, हा होकाराचा कागद! आता साहेबांना काय देणार?"

"असला कागद साहेबांना देतात होय?" सुलभाने घडी घालून तो खिशात ठेवला आणि गाडीत चढली.

सरपंच खिडकीपाशी धावले. "अहो, मग शाल?"

"राहू द्या. सकाळी सहाच्या गाडीला फार गारठा असतो," म्हणत तिने डबल बेल दिली.