चाळीस शब्दांचा बफर

अण्णांना जाऊन तास झाला, तेव्हा नर्स कुंदाताईंनी त्यांच्या कानामागचं यंत्र काढून ट्रेमध्ये ठेवलं.

पक्षाघातानं वाचा गेलेल्यांच्या मनातले शब्द हे यंत्र घरच्यांच्या फोनवर पोचवायचं. मनातलं चोरीला जाऊ नये म्हणून शब्द कुलूपबंद होऊनच निघत. दर कुलपाला बॅटरी खर्च होई, म्हणून शब्द आधी बफरमध्ये, म्हणजे यंत्रातल्या तात्पुरत्या साठ्यात, जमत आणि तो भरला की सगळ्यांना मिळून एकच कुलूप लागे. बफर चाळीस शब्दांचा ठरवला होता हे यंत्र बनवणाऱ्या कंपनीतल्या अण्णांच्याच लेकीनं, वृंदानं. चाचणी घेतली ऑफिसातल्या बडबड्यांवर, वीस सेकंदांत भरायचा. साहेबांनी पाठ थोपटली. एकाही आजाऱ्याला कुणी विचारलं नाही.

अण्णांनी तीस वर्षं इचलकरंजीत यंत्रमाग चालवला. त्या खडखडाटात तोंड उघडणार कोण? घरीही "हं" आणि "जेवलीस?" एवढंच.

यंत्र लावल्यापासून अकरा दिवसांत वृंदाच्या फोनवर एक अक्षर आलं नाही. "रुसलेत माझ्यावर, गावातून उचलून आणलं ना!" ती कुंदाताईंना म्हणायची आणि स्वतःही उशाशी तोंड फुगवून बसायची.

"ताई, यावर काहीतरी उमटलंय बघा," कुंदाताई म्हणाल्या.

वृंदानं यंत्राच्या चिमुकल्या पडद्यावर वाचलं : 'बफरमध्ये सदतीस शब्द. न पाठवलेले शब्द गोपनीयतेसाठी पुसले आहेत.'

तिनं कुंदाताईंचा हात घट्ट धरला.

"सदतीस? अहो, आमचे अण्णा माझ्याशी एवढं कधी बोललेच नव्हते हो!"