बंदी असलेलं रान

नवा वनरक्षक पहिल्याच आठवड्यात राखीव रानात वाट चुकला. दुपार कलली तेव्हा जळणाची मोळी आणि कोयता घेतलेली एक म्हातारी त्याच्यापाशी आली. तिने त्याला झऱ्यावर नेलं.

"घोट घोट पी रे, ठसका लागेल," ती म्हणाली. मग मोळी डोक्यावर घेऊन पुढे चालू लागली आणि दोन ओढे ओलांडून तिने त्याला थेट वनखात्याच्या नाक्यावर आणून सोडलं.

नाका दिसताच त्याच्या जिवात जीव आला आणि पाठोपाठ नोकरीही आठवली. त्याने खिशातून वही काढली.

"आजी, मोळी आणि कोयता खाली ठेवा. जप्त करावं लागेल. गुन्हाही नोंदवावा लागेल."

"अरे लेकरा, मग आज चूल कशावर पेटवू?"

"माझा इलाज नाही. या रानात शिरायला बंदी आहे. आत माणूस असताच कामा नये."

म्हातारीने मोळी उतरवली आणि कोयता तिच्यावर ठेवला.

"बरं बाबा. मग सकाळपासून 'कुणी आहे का, कुणी आहे का' म्हणून घसा फोडत होतास, तो कुणासाठी?"