कूस बदलण्याचा तक्ता

चादर उचलली आणि वास आला. गोडसर, कुजका, एकदा नाकात शिरला की दिवसभर न हलणारा. मोठ्या सिस्टरांनी तोंडावरचा मास्क वर ओढला नाही. आजीनं वळून पाहिलं असतं तर तिच्या लक्षात आलं असतं.

"फार घाण झालंय का गं?" उशीत तोंड खुपसूनच आजीनं विचारलं.

"नाही हो आजी. चिमूटभर आहे."

जखम तळहाताएवढी होती. माकडहाडावर, कडा काळ्या पडलेल्या, मध्ये पिवळा लगदा. एकाच अंगावर पडून पडून कातडी कुजली होती. सिस्टरांनी सलाइनचा बोळा हलकेच फिरवला, तान्ह्याच्या ओठांवरचं दूध टिपावं तसा.

"तुझे हात लोण्याचे आहेत, बाई," आजी म्हणाली. "त्या पोरींना सांग ना, मला जरा कुशीवर करत जा म्हणून. हाका मारून मारून घसा बसला माझा."

"लिहून ठेवते हं," सिस्टर म्हणाल्या.

खिडकीकडच्या रांगेतल्या त्या खाटेच्या पायथ्याशी तक्ता लटकत होता. दर दोन तासांनी रुग्णाची कूस बदलायची आणि वेळेसमोर सही करायची. आठ, दहा, बारा, दोन. चारही सह्या एकाच दमात ओढलेल्या, शाईचा रंगसुद्धा तोच. भिंतीवरच्या घड्याळात साडेबारा वाजले होते.

सिस्टरांच्या घशाशी आलं. चोवीस वर्षांच्या नोकरीत पुवानं कधी आलं नव्हतं.

सही करणारी टेबलापाशी मोबाइलमध्ये डोकं घालून बसली होती. वॉर्डात तिला सगळे मैना म्हणत.

"काय मैना, दोन वाजले का गं?"

"वाजतीलच की आता, सिस्टर! घड्याळ कुठं पळून चाललंय?" मैना खुदकन हसली.

सिस्टर रागावल्या नाहीत. खिशातून वही काढून त्यांनी तारीख, खाटेचा क्रमांक आणि जखमेची लांबी-रुंदी टिपून घेतली.

घरी आल्यावर त्या बेसिनपाशी उभ्या राहिल्या. साबण लावला, धुतला, पुन्हा लावला.

"डॉक्टरीणबाई, सालटी निघतील हातांची," नवरा म्हणाला.

"वास जात नाही हो."

"जखमेचा?"

"सह्यांचा."

नवरा म्हणाला, "एवढी किळस येते तर वर तक्रार का करत नाहीस?"

"तक्रारीचा कागद फायलीत कुजतो. प्रबंध कुजत नाही."

नर्सिंगमधल्या पीएच.डी.साठी त्या तिसऱ्यांदा अर्ज करत होत्या. विषय तोच, खोट्या सह्या आणि पाठीच्या जखमा. दोन वेळा निवड समितीनं त्यांना परत पाठवलं होतं. "तळमळ दिसते, पुरावा दिसत नाही," असं पहिल्या वेळी. दुसऱ्या वेळी तर एका परीक्षकानं हसत हसत म्हटलं होतं, "निबंध छान आहे हो बाई." पुढच्या वर्षी वयाची अट आडवी येणार होती. आता नाही तर कधीच नाही.

मुलाखतीला तिघं होते. मधोमध समितीच्या अध्यक्ष, पांढऱ्या केसांच्या, स्वतः कधीकाळी वॉर्डात राबलेल्या. त्या आकडे वाचत गेल्या तसा त्यांचा चेहरा ओढला गेला.

"दोन वर्षांत भिंतीकडच्या रांगेत चार जणांना जखमा. आणि खिडकीकडच्या रांगेत एकोणचाळीस?"

"एकोणचाळीस. त्यातले सात गेले."

"हाडामांसाची माणसं आहेत ना या मुली?" अध्यक्षांनी चष्मा काढून ठेवला. "जिवंत माणूस हाका मारतंय आणि ह्या बसल्या बसल्या सह्या करताहेत!"

"मला तर त्यांच्या हातचा चहासुद्धा नको वाटतो," सिस्टर म्हणाल्या.

गेल्या वेळी हसलेला परीक्षक या वेळी मान खाली घालून पानं उलटत होता.

"असा स्वच्छ पुरावा मी फार वर्षांत पाहिला नाही," अध्यक्ष म्हणाल्या. "दोन्ही रांगांत तेच आजार, तीच वयं. जागा तुमचीच आहे असं समजा. एकच शंका आहे. वॉर्डात मुलींच्या जागा सारख्या बदलत असतात. मग खोट्या सह्या नेमक्या एकाच रांगेत कशा?"

हा प्रश्न येणार हे सिस्टरांना ठाऊक होतं. त्या पहिल्यांदाच मोकळं हसल्या.

"ड्यूटी मीच लावते ना, बाई. खऱ्या कोण आणि खोट्या कोण, ते पहिल्या आठवड्यातच ओळखलं. खोट्या तेवढ्या खिडकीकडे दिल्या, आणि दोन वर्षं एकदाही अदलाबदल होऊ दिली नाही."