कोठीखालची फळी

"जमिनीच्या फळ्या का खचल्या ते बघायला खाली जावं लागेल, आणि जोत्याचे दगड फोडल्याशिवाय वाट नाही," सुतार म्हणाला.

सासरे काठी टेकत माजघरात आले. "दगडाला हात लावू नकोस. धान्याची कोठी सरकव. खालची फळी सुटी आहे."

ती खरंच सुटी निघाली. सुताराचं पोट अडकलं, म्हणून बॅटरी घेऊन मीच उतरले आणि माजघराच्या मधोमध सरपटत गेले. तिथली तुळई वाळवीनं पोखरली होती. तिच्याखाली दगड रचून, पाचरी ठोकून कुणीतरी कधीकाळी टेकू दिला होता.

नेमक्या याच जागी, लग्नानंतरच्या पहिल्या श्रावणात, मंगळागौरीला मी फुगडी घालत होते. सगळ्या बायकांसमोर सासरे ओरडले होते, "माझ्या घरात हा धिंगाणा नको!" तो अपमान मी अजून विसरले नव्हते.

मातीनं माखलेली मी वर आले. "अण्णा, तेव्हाच सांगायचं ना!"

"नव्या सुनेला काय सांगू? घर पोखरलंय म्हणून?" ते सुताराकडे वळले. "तुळई सागवानाची घाल रे. हिची फुगडी राहिलीय."